स्पॉटिफायवर युजरनेम की डिस्प्ले नेम?
नौपाड्यातल्या आमच्या भजनी मंडळाने एकत्र प्लेलिस्ट केली, तेव्हा काकूंनी विचारलं, "अगं, माझ्या नावाच्या जागी हे आकडे कसले?" ते त्यांचं युजरनेम होतं.

खातं उघडताना हल्ली ते आपोआप मिळतं, अक्षरं-आकड्यांची माळच, आणि नंतर बदलता येत नाही. लॉगिनला ईमेल चालतो, त्यामुळे ते पाठ करायची गरज नाही. पण प्रोफाइलच्या लिंकमध्ये ते असतं. जुन्या खात्यांत लोकांनी ते स्वतः निवडलेलं असायचं. त्यात कुणी पूर्ण नाव घातलं असेल तर मला ते खरंच खटकतं, कारण नवं खातं उघडण्याशिवाय सुटका नाही.

डिस्प्ले नेम मात्र आपल्या हातात. प्रोफाइल उघडा, 'एडिट' दाबा, नाव लिहा, सेव्ह करा. प्रोफाइलवर आणि प्लेलिस्टखाली हेच दिसतं. याने लॉगिन होत नाही, आणि हेच नाव दुसऱ्या कुणाचंही असू शकतं.

म्हणून वेळ घालवायचा तो डिस्प्ले नेमवर. आडनाव, सोसायटी, जन्मसाल नको. काकूंनी 'नौपाड्याची माई' ठेवलं, आता सगळ्याजणी त्यांना लगेच ओळखतात.