रोड रेससाठी एमटीबीच चालवायची की नवी सायकल?

पुतण्या एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाईकवर तयार झालेला, आता डोक्यात रोड रेसचं खूळ. विचारतो, ‘काका, हिलाच स्लिक (गुळगुळीत) टायर घालू की रोड बाईक घेऊ?’

खर्चात तुलनाच नाही. स्लिकची जोडी 2-3 हजारांत. बरी रोड बाईक 40 हजारांच्या पुढेच, वर बूट-पेडल वेगळे.

खरी अडचण गिअरची. त्याच्या एमटीबीला पुढे 32 दात्यांची एकच चकती, मागे सर्वांत लहान 11 ची. मिनिटाला पेडलच्या 90 फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी 35 किमीपाशी अडकतो. रोड बाईकच्या 50-11 वर तेवढ्याच फेऱ्यांत 50 पार. उतारावर घोळका सुटला की एमटीबीवाला नुसते पाय गरगर फिरवतो. शिवाय सरळ हँडलवर अख्खी छाती वाऱ्याला. काही रेसमध्ये सरळ हँडलला प्रवेशच नसतो. नियमावली आधी वाचावी.

टिकण्यात मात्र एमटीबी भारी. आपल्याकडचे खड्डे आणि बाभळीचे काटे! रोड बाईकचं 28 मिमीचं बारीक टायर तिथे रडवतं.

वर्षाकाठी एखादी हौशी स्पर्धा आणि रोज हिप्परगा तलावापर्यंत चक्कर, तर स्लिक पुरे. घोळक्यात टिकून नंबर काढायचा असेल तर रोड बाईकच, जुनी का असेना. एमटीबी विकू नकोस, एवढं मात्र बजावलंय.