विषय सापडेपर्यंत ब्लॉगरच बरा

वैयक्तिक ब्लॉग सुरू करताना दोन प्रश्न पडतात: कुठे लिहायचं आणि कशावर लिहायचं. बहुतेकांचा सगळा जोर पहिल्यावरच खर्च होतो. थीम बदलून बदलून पाहिल्या जातात, प्लगइन (जादा सोयींचे जोड-प्रोग्राम) टाकले जातात, आणि दुसरा प्रश्न तसाच पडून राहतो. गूगलच्या ब्लॉगर या सेवेकडे इथे दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पाहिलं आहे. आपण कशासाठी आणि कोणासाठी लिहितो हे अजून ठरलेलं नाही, अशा माणसाच्या ती कितपत कामी येते?

मत आधीच सांगून टाकतो. पहिले चाळीस-पन्नास लेख होईपर्यंत ही जागा उत्तम आहे. पुढे तिच्या मर्यादा जाचू लागतात, पण तोवर लिहिणाऱ्याला आपली वाट बरीचशी कळलेली असते.

ब्लॉगर १९९९ साली पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने सुरू केलं आणि २००३ मध्ये ते गूगलकडे आलं. इथे प्लगइन नाहीत, लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय नाही, मुख्य वर्ग आणि उपवर्ग अशी उतरंड नाही. वर्डप्रेस या ब्लॉगिंगच्या दुसऱ्या साधनाची सवय झालेल्याला हे सगळं उणं वाटेल. विषयाच्या शोधात असलेल्याला मात्र यातलं काहीही अडत नाही, उलट लिखाण टाळायच्या सबबी कमी होतात.

खरी कामाची गोष्ट म्हणजे लेबलं, म्हणजे लेखांना गटवार लावायच्या चिठ्ठ्या, आणि तीच सर्वांत जास्त चुकीची वापरली जाते. पहिल्याच लेखाला ‘मनातलं’, ‘विविध’, ‘अनुभव’, ‘इतर’ अशी पाच-सहा लेबलं चिकटतात. वीस लेखांनंतर बाजूच्या पट्टीत तीसेक शब्दांची गर्दी होते आणि निम्म्या शब्दांखाली एकेकच लेख असतो. यातून वाचकाला काही कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही.

त्यापेक्षा पहिले पंधरा-वीस लेख लेबलाविना जाऊ द्या. मग पोस्टची यादी उघडा, प्रत्येक लेख पुन्हा वाचा आणि कागदावर एकच ओळ लिहा: हा वाचून कोणाला काय मिळालं? समजा, एक जण दुर्बिणीतून आकाश पाहण्याबद्दल लिहितो, जुनी यंत्रं दुरुस्त करण्याबद्दल लिहितो आणि अधूनमधून वाचलेल्या पुस्तकांबद्दलही. विषयावरून लेबलं दिली तर ‘खगोल’, ‘दुरुस्ती’, ‘पुस्तकं’ असे तीन वेगळे ब्लॉग दिसतात आणि यातलं कुठलं सोडू, असा पेच पडतो. ओळी वाचल्यावर चित्र बदलतं. दुर्बिणीच्या लेखातून नवख्याला भिंग पुसताना ओरखडा कसा टाळायचा ते कळलं. दुरुस्तीच्या लेखातून स्क्रू काढण्याआधी फोटो का घ्यावेत ते कळलं. पुस्तकाच्या लेखातून त्या विषयातलं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं ते कळलं. म्हणजे हा माणूस सगळीकडे एकच काम करतो आहे: पहिल्यांदा हात घालणाऱ्याची भीती घालवतो. आता लेबलं ‘सुरुवात करताना’, ‘हमखास बिघडतं ते’, ‘काय वापरावं’ अशी दिली की तिन्ही विषय एका छताखाली नांदतात. ब्लॉगचा हेतू पुष्कळदा विषयात सापडतच नाही, लेख वाचकाचं कोणतं काम करतो त्यात सापडतो.

हे करायला वेळ लागत नाही. यादीत हव्या त्या पोस्टपुढे खूण करा, वरच्या लेबलाच्या चिन्हावर जा आणि नाव द्या, सगळ्यांना एकदम लागतं. लेबलाचं नाव बदलायची थेट सोय मात्र नाही. त्या लेबलाच्या सगळ्या पोस्ट निवडून नवं नाव द्यायचं आणि मग जुनं काढायचं, एवढाच मार्ग. देवनागरीत आणखी एक अडचण येते. ‘पुस्तके’ आणि ‘पुस्तकं’ ही ब्लॉगरच्या लेखी दोन वेगळी लेबलं आहेत, म्हणून एकच रूप ठरवून ते कुठेतरी लिहून ठेवावं.

लेबलांची दुसरी मर्यादा फार कमी जणांच्या लक्षात येते. कोणती पानं पाहायची नाहीत हे शोधयंत्रांना सांगणाऱ्या ब्लॉगरच्या मूळ रोबोट्स फाइलमध्ये ‘सर्च’ या मार्गाखालची पानं शोधयंत्रांना बंद केलेली असतात, आणि लेबलाची पानं नेमकी त्याच मार्गाखाली येतात. म्हणजे नीट रचलेल्या लेबलाच्या पानावर शोधातून वाचक येईल अशी आशा धरू नये. उपाय सोपा आहे. प्रत्येक मुख्य दिशेसाठी ‘पेज’ या विभागात हाताने एक पान करा. वर दोन ओळी: हे कोणासाठी आहे आणि वाचून काय जमेल. खाली पाच-सात लेखांचे दुवे, वाचायच्या क्रमाने. वरच्या दोन ओळी लिहिता येत नसतील तर ती दिशा अजून पिकलेली नाही असं समजावं आणि तिच्यात आणखी चार लेख लिहून पाहावेत.

एका खात्यावर ब्लॉगर शंभरापर्यंत ब्लॉग काढू देतं. या सोयीपासून सांभाळून राहा. नवा विषय सुचला की नवा ब्लॉग काढायचा मोह होतो, नाव-रंग ठरवण्यात दोन दिवस मजेत जातात आणि तीन लेखांनंतर तो ओस पडतो. जुन्या ब्लॉगवरच एक लेबल वाढवा. त्याखाली दहा लेख झाले आणि त्यांचा वाचक खरोखरच वेगळा निघाला, तरच वेगळ्या घराचा विचार करा.

ड्राफ्टची यादी हा दुसरा आरसा. सुचलेली कल्पना लगेच ड्राफ्ट म्हणून टाका, शीर्षकात वाचकाचा प्रश्न लिहा आणि ड्राफ्टलाही लेबल द्या. दोन महिन्यांनी यादी पाहिली की काही ड्राफ्ट पुन्हा पुन्हा उघडलेले दिसतील, काहींना हातही लागलेला नसेल. न उघडलेले बहुधा ‘लिहायला हवं’ म्हणून टाकलेले असतात, ते निःशंक काढून टाका. मात्र लेख ब्लॉगरच्या खिडकीतच रचू नका. चुकून मोठा परिच्छेद पुसला आणि तसाच सेव्ह झाला, तर मागची आवृत्ती परत मिळत नाही. मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये लिहावा आणि इथे फॉरमॅटिंगशिवाय चिकटवावा. वर्ड प्रोसेसरमधून थेट चिकटवला की नको ते कोड सोबत येतात आणि मोबाइलवर अक्षरं कुठे लहान, कुठे मोठी दिसतात.

ब्लॉगरची स्वतःची आकडेवारी ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू. तीत माणसांच्या भेटींत आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांच्या (बॉटच्या) भेटी मिसळतात, आणि स्वतःच्या भेटी न मोजण्याचा पर्याय त्या त्या ब्राउझरपुरताच लागू होतो. तुम्ही फोनवरून पाच वेळा लेख उघडून पाहिलात की तोच ‘लोकप्रिय’ ठरायला लागतो. दिशा ठरवण्यासाठी त्याऐवजी गूगल सर्च कन्सोल जोडा, म्हणजे तुमची पानं गूगलच्या शोधात कशी दिसतात ते दाखवणारं साधन. त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती दिसते. परफॉर्मन्समध्ये जाऊन एक लेख निवडा आणि कोणत्या शब्दांनी शोधल्यावर तो दिसला ते पाहा. बऱ्याचदा दिसला पण कोणी उघडला नाही, तर बहुधा शीर्षक आतल्या मजकुराची ओळख देत नाही. लोक विचारतात तो प्रश्न लेखात सुटतच नसेल, तर तुमचा पुढचा लेख तोच. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध खासगीपणासाठी लपवले जातात, त्यामुळे बेरीज जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

आकड्यांचा एक सापळा मात्र आहे. एखादा सहज लिहिलेला लेख अचानक चालतो आणि लिहिणारा मनात नसताना त्याच वाटेला लागतो. त्या विषयावर आणखी तीन लेखांची शीर्षकं आत्ता सुचतात का, ते पाहा. ओढूनताणून सुचत असतील तर तो लेख आहे तिथे राहू द्या, तुम्ही तिकडे जाऊ नका. लोक काय शोधतात ते कन्सोल सांगेल, पण तुम्हाला वर्षभर काय लिहावंसं वाटेल ते सांगणं त्याच्या हातात नाही.

आता पत्त्याचा मुद्दा. शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही आणि ‘ब्लॉग-पोस्ट’पुढे नुसते आकडे लावून मोकळं होतं. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या चौकटीत) रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः द्या. नंतर बदलायचा झाला तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि सेटिंग्जमध्ये जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं रिडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं) लावावं लागतं. वर्ष आणि महिना पत्त्यात राहतातच, ते काढता येत नाहीत. लेखाचं दीडशे अक्षरांचं वर्णन द्यायची चौकटही आधी सेटिंग्जमधल्या मेटा टॅगमध्ये चालू केल्याशिवाय दिसत नाही. ठरलेल्या वारी लेख लावून ठेवणार असाल तर टाइम झोन तपासा, नाहीतर लेख भलत्याच वेळी बाहेर पडेल.

ही सेवा कोणासाठी नाही? नवा लेख ईमेलने वाचकांपर्यंत पोचवणं हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांच्यासाठी नाही. नवे लेख वाचकांना ईमेलने पाठवणाऱ्या गूगलच्याच फीडबर्नर या सेवेची ईमेल सदस्यता २०२१ मध्ये बंद झाली आणि ब्लॉगरचं ते गॅजेटही गेलं. आता बाहेरची सेवा जोडावी लागते. सभासदत्व किंवा अनेक भागांची क्रमवार मालिका चालवायची असेल तरी वर्डप्रेस बरं पडतं.

म्हणूनच कधीतरी इथून हलावं लागेल असं धरून चाला. बॅकअप अधूनमधून घ्या. थीमचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, हे विसरू नका. ब्लॉगरची रिडायरेक्ट सोय ब्लॉगच्या आतल्या आतच चालते, त्यामुळे ब्लॉगरने दिलेल्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून दुसरीकडे गेलात की जुने दुवे तुमच्या हातात राहत नाहीत. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या मालकीचा वेब-पत्ता, लवकर घ्या. डोमेन ब्लॉगला जोडण्यासाठी ब्लॉगर दोन सी-नेम नोंदी (CNAME) देतं, त्या दोन्ही डोमेन विकणाऱ्याच्या पानावर भरा. दुसरी राहून गेली की पडताळणी अडते, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं. जोडणी झाल्यावर एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) बटण स्वतः चालू करा. आणि डोमेन विषयाच्या नावाने घेऊ नका, स्वतःच्या नावाने घ्या. दुर्बिणीवरून दुरुस्तीकडे वळलात तरी पत्ता बदलावा लागणार नाही.