फीव्हर पॅकेजमध्ये नसलेली तपासणी : पुण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबच्या सेवेविषयी

पावसाळा सुरू झाला की पुण्यातील खासगी लॅब 'फीव्हर पॅकेज'च्या जाहिराती करू लागतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंगीचे एनएस-१, लघवीची तपासणी आणि टायफॉइडसाठीची विडाल चाचणी असा सगळा जामानिमा एकाच दरात आणि घरी येऊन रक्त नेण्याच्या सोयीसह मिळतो. आमच्या भागातील अशाच एका लॅबची सेवा यंदा भाच्याच्या आजारपणात घेतली. तो मेसमध्ये जेवणारा विद्यार्थी. ताप रोज संध्याकाळी चढत होता, पोट दुखत होते, जिभेवर पांढरा थर होता आणि चार-पाच दिवस उलटले तरी उतार पडत नव्हता. लॅबचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवेविषयी प्रामुख्याने लिहायचे आहे, म्हणजे पॅकेजमध्ये ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी) नसणे, ती या एकाच लॅबपुरती नाही.

आधी चांगले सांगतो. नोंदणी सोपी होती, रक्त घ्यायला आलेला तंत्रज्ञ वेळेवर आला, सुई नवी होती, नळ्यांवर नाव आणि वेळ त्याने आमच्यासमोरच लिहिली. संध्याकाळपर्यंत सर्व रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आले. डेंगी नाही, मलेरिया नाही, पांढऱ्या पेशी जरा कमी, आणि विडालच्या रकान्यात 'ओ' १:१६०, 'एच' १:१६० (दोन प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण), त्यापुढे ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. एकच नमुना निदानाला पुरेसा नाही, ही टीप पानाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत होती की मोबाइलवर ती मोठी करून वाचावी लागली. घरात मात्र तोवर 'विडाल निघाली' म्हणून सगळे मोकळे झाले होते, आणि शेजारच्या काकूंनी मुगाच्या खिचडीचा डबाही पाठवला होता.

विडाल ही फर्नांद विदाल यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये मांडलेली चाचणी आहे. ती जंतू शोधत नाही; जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात किती आहेत, एवढेच पाहते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी वाढलेली नसतात, त्यामुळे खरा टायफॉइड असूनही चाचणी कोरी येऊ शकते. उलट बाजूने, आपल्याकडे जिथे हा जंतू पाण्यातून वर्षानुवर्षे अंगावरून गेलेला असतो, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती काही प्रमाणात सापडतात, आणि मलेरियासारख्या दुसऱ्या तापांतही आकडा फसवा चढू शकतो. नीट वापरायची तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट झाला का हे पाहायला हवे. पण तेवढी वाट पाहण्याची सोय तापाने फणफणलेल्या माणसाला नसते. लहान गावांत, जिथे कल्चरची यंत्रणाच नाही, तिथे डॉक्टर विडालवर भिस्त ठेवतात, ते मी समजू शकतो. पुण्यात, ज्या लॅबमध्ये कल्चरचे यंत्र वरच्या मजल्यावर बसवलेले आहे, त्या लॅबने तापाच्या पॅकेजात विडाल घालावी आणि कल्चर वगळावे, हे मात्र पटत नाही.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर पाठवायला सांगितले. रोग आतड्यांचा, मग तपासणी रक्ताची कशाला, असा प्रश्न भाच्याच्या वडिलांनी विचारला, आणि तो रास्तच होता. साल्मोनेला टायफी हा जंतू दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो हे खरे. पण लहान आतड्याच्या भिंतीतील लसिकापेशींच्या गाठींतून तो आत शिरतो आणि रक्तात उतरतो. पहिल्या आठवड्यात तो रक्तात सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की ही शक्यता झपाट्याने घटते, म्हणून आधी रक्त आणि मग औषध हा क्रम चुकवून चालत नाही.

नेमका इथे लॅबचा घोळ झाला. फोनवर 'ब्लड कल्चर' असे स्पष्ट सांगूनही आलेल्या तंत्रज्ञाकडे जांभळ्या आणि लाल झाकणाच्या नेहमीच्याच नळ्या होत्या, कल्चरची बाटली नव्हती. 'यातच घेतो, तिकडे ओततील' असे तो म्हणाला, तेव्हा त्याला नकार द्यावा लागला, कारण असे ओतताना बाहेरचा जंतू मिसळला तर सगळीच तपासणी वाया जाते. लॅबला पुन्हा फोन केला. दुपारी दुसऱ्या, वयाने मोठ्या तंत्रज्ञ बाई आल्या आणि त्यांचे काम पाहण्यासारखे होते. त्यांनी आधी हात धुतले, कोपराच्या आतली त्वचा स्पिरिटने पुसून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबल्या, बाटलीचे रबरी बूचही पुसले, पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावले नाही आणि चांगले दहा मिलिलिटर रक्त घेतले. मोठ्या माणसाचे रक्त कमी घेतले तर जंतू निसटतो, कारण टायफॉइडमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जंतू मोजकेच असतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले.

पुढचे काम लॅबने चोख केले. ही बाटली यंत्रात उबेवर ठेवतात; जंतू वाढू लागले की ते सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून यंत्र इशारा देते. दुसऱ्या दिवशी रात्री लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः आमच्या डॉक्टरांना फोन करून 'ग्रॅम निगेटिव्ह दंडगोलाकार जंतू वाढताहेत' (साल्मोनेला याच गटात मोडतो) असे कळवले. अंतिम रिपोर्टमध्ये साल्मोनेला टायफी हे नाव आणि त्याखाली औषधांचा तक्ता होता : सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर 'आर', म्हणजे प्रतिरोधक, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्यासमोर 'एस', म्हणजे लागू पडणारे. १९४८ मध्ये टायफॉइडवर प्रथम प्रभावी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉलही 'एस'मध्ये होते. सिप्रोला दाद न देणारे जंतू भारतात आता सर्रास आढळतात, तरीही केमिस्टकडून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोळ्यांत तीच पुढे असते. विडालच्या ठळक 'पॉझिटिव्ह'मध्ये यातले काहीच नव्हते. शिवाय योग्य औषध सुरू झाल्यावरही हा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी जास्त लागतात. हातात तक्ता असल्यामुळेच तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलण्याचा आग्रह कोणी धरला नाही.

कल्चर म्हणजे शंभर टक्के खात्री असेही नाही. खऱ्या टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहांमध्येच ते जंतू पकडते. अस्थिमज्जेचे कल्चर अधिक भरवशाचे, पण ते कोण आणि कशाला करून घेईल? तरीही सार्वजनिक आरोग्यात ब्लड कल्चर हाच निकष मानतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस देण्यास सुरुवात केली, तेव्हा तिचा परिणाम मोजताना कल्चरने सिद्ध झालेले रुग्णच हिशेबात धरले गेले, विडालवाले नाहीत.

दर सांगायचा तर एकट्या कल्चरला जवळजवळ अख्ख्या पॅकेजइतके पैसे पडले. ते जास्त वाटत नाहीत. पॅकेजमधल्या विडालचे मात्र वाटतात. रिपोर्टविषयी शंका विचारायला दिलेल्या क्रमांकावर 'तुमच्या डॉक्टरांना दाखवा' यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि तक्रारीच्या ईमेलला आलेले उत्तर छापील होते. पाचपैकी तारे द्यायचेच तर कल्चर विभागाला साडेचार आणि फीव्हर पॅकेजला दोन देईन.

या लॅबकडे जाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच 'कल्चरची बाटली घेऊन या' असे सांगून ते मेसेजवर लिहून घ्यावे, आणि प्रतिजैविक आधीच सुरू झाले असेल तर फॉर्मवर त्याचे नाव लिहावे, कारण त्यासाठी वेगळा रकाना तिथे नाही. रविवारी दुपारनंतर कल्चरचे नमुने घेतले जात नाहीत. त्या वेळी ताप असेल तर थेट एखाद्या मोठ्या रुग्णालयाची लॅब गाठलेली बरी.