जीएलपी-१ ची अँटीबॉडी: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते. जीएलपी-१ हा आतड्यातून सुटणारा हार्मोन, आणि ही अँटीबॉडी त्याला चिकटून तो कुठे आहे ते दाखवते. ती टिश्यूच्या स्लाइडसाठी घ्या, रक्तात हार्मोन मोजण्यासाठी घेऊ नका. सशात बनवलेली पॉलीक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) आहे, पावडर येते, आणि आतड्यातल्या एल पेशी, म्हणजे हा हार्मोन बनवणाऱ्या पेशी, दाखवायचं काम चोख करते. त्यापलीकडे अपेक्षा ठेवली तर पैसे पाण्यात, आणि १०० मायक्रोलिटरला पाच आकडी रक्कम जाते.

आमचं काम शेळीच्या आतड्यावर. जुन्या नाशकातल्या मटणवाल्याकडून भल्या सकाळी तुकडा आणायचा आणि तिथल्या तिथे फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा. कोणत्या प्राण्यांत चालते म्हणून डेटाशीटवर माणूस, माउस आणि रॅट. शेळीचा पत्ता नाही. पण जीएलपी-१ ची ३० अमिनो आम्लांची साखळी सस्तन प्राण्यांत जवळपास बदललेलीच नाही, त्यामुळे चालेल असा अंदाज होता आणि चाललं. उलट एक सोय झाली. आमची सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला धरून रंग आणणारी दुसरी) शेळीत बनवलेली अँटी-रॅबिट, ती शेळीच्याच टिश्यूतल्या प्रथिनांना सहसा हात लावत नाही. (शेळीत बनवलेली प्रायमरी स्वस्तात मिळाली तरी शेळीच्या टिश्यूवर वापरू नका. अँटी-गोट सेकंडरी टाकली की सगळी स्लाइड तपकिरी.)

पहिली तपासणी ड्युओडिनमवर करू नका. तिथे या पेशी थोड्या असतात, पुढे इलियम, कोलनकडे वाढत जातात. तिथेही गर्दी नसतेच; आतड्याच्या अस्तरात सगळ्या प्रकारच्या हार्मोन पेशी मिळून शंभरात एखादी. त्यामुळे ४० एक्सवर एका क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या खळग्यात) एकच पेशी दिसली तर अँटीबॉडी कमजोर आहे असं समजू नका. नीट कापलं गेलेलं असेल तर ती सुरईसारखी दिसते: निमुळतं टोक पोकळीपर्यंत पोचलेलं, आणि डीएबीचा तपकिरी रंग बुडाशी दाटलेला, कारण हार्मोनचे दाणे तिथे साठतात आणि तिथूनच रक्ताकडे सुटतात. रंग पेशीभर सारखा पसरलेला दिसला तर मी ती स्लाइड बाद धरते.

सेक्शन सायट्रेट बफर पीएच ६ मध्ये प्रेशर कुकरला, मग अँटीबॉडी १:१००० पातळ करून रात्रभर ४ अंशांवर, हे आमच्याकडे बसलं. १:५०० ला म्यूकसवाल्या पेशी उगाच रंगतात. डेटाशीटवरचं 'रूम टेंपरेचरला एक तास' डिसेंबरातल्या नाशकात विसरा. सकाळी लॅबच अशी गारठलेली असते की रंग फिका येतो. मे महिन्यात त्याच्या उलट, ओल्या डब्यात ठेवूनही सेक्शनच्या कडा सुकतात आणि कडेकडेने खोटा तपकिरी पट्टा उमटतो.

आता रक्ताचं. ही साखळीच्या मधल्या भागाला धरते. म्हणजे जिवंत हार्मोन कोणता आणि डीपीपी-४ या एन्झाइमने सुरुवातीची दोन अमिनो आम्लं छाटून निकामी केलेला कोणता, हे तिला कळत नाही. रक्तात गेल्यावर ही छाटणी जिवंत हार्मोन एक-दोन मिनिटांत अर्ध्यावर आणते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. शिवाय रक्तातलं प्रमाण पिकोमोलरमध्ये, म्हणजे अगदी नगण्य. त्याला जोडीची अँटीबॉडी असलेला सँडविच एलायझाच (हार्मोनला दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडून मोजणारी चाचणी) हवा. स्वादुपिंडाच्या स्लाइडवर तर ही ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशीही रंगवते. तिथे ग्लुकॅगॉन कापून निघाल्यावर प्रोग्लुकॅगॉनचा (दोन्ही हार्मोन ज्यातून निघतात त्या मूळ प्रथिनाचा) जो तुकडा उरतो त्यात जीएलपी-१ ची साखळी तशीच असते. वजन उतरवणाऱ्या जीएलपी-१ सारख्या इंजेक्शनांमुळे सध्या ज्याला त्याला जीएलपी-१ मोजायचंय, म्हणून एवढं लांबवलं.

राग एकाच गोष्टीचा. जीएलपी-१ च्या पेप्टाइडने (साखळीच्या तुकड्याने) अँटीबॉडी आधी भिजवून रंग जातो का, हा कंट्रोल लावायचा तर तो पेप्टाइड वेगळ्या किमतीला. तरी घ्याच. त्याशिवाय रिव्ह्यूअर ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

पावडर असल्याचा फायदा उन्हाळ्यात कळला. पार्सल मुंबईहून कसारा घाट चढून येईपर्यंत जेल पॅकचं पाणी झालेलं होतं, मालाला काही झालं नाही. विरघळवल्यावर मात्र लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा. दर वेळी वापरायला काढून सगळंच पुन्हा पुन्हा वितळवण्यापेक्षा ते बरं. पुढची ऑर्डर देताना लॉट नंबर सांगून तोच मागा. नवा लॉट म्हणजे नवा ससा, डायल्यूशन पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं.