ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० (१९७०): तीन वर्षं वापरल्यावर

ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल विकायची नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. कारण खाली तक्रारीच जास्त आहेत.

६४९ सीसी, दोन सिलिंडर, अमाल कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग). दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात. त्यामुळे ताशी ६० मैलांच्या पुढे हाताला मुंग्या येतात आणि आरशात मागच्या गाड्या नुसत्या थरथरतात. पण त्याच्या आत, वळणांच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ही अशी ओढते की गिअर बदलायचं मनातच येत नाही.

विकणारा म्हणाला होता, ‘इंजिन पूर्ण उघडून बांधलंय.’ टाकीचा रंग आणि चकचकीत क्रोम बघून मी मान डोलावली. आठशे मैलांत खालून ठोके यायला लागले. इंजिन खोललं तर क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) आतली स्लज ट्रॅपची, म्हणजे गाळ अडवणारी नळी काळ्या, मेणचट गाळाने ठासून भरलेली! या इंजिनात तेल गाळायला फक्त जाळ्या आहेत. त्यातून सुटलेला बारीक कचरा क्रँक फिरताना बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि या नळीत साचतो. नळी तुंबली की बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचं, तेल बंद. साफ करायची तर क्रँककेस (क्रँकभोवतीचं इंजिनाचं कवच) उघडावीच लागते. म्हणून घेताना एकच विचारा: स्लज ट्रॅप काढल्याचा फोटो आहे का? मी विचारलं नाही. क्रँक ग्राइंड करून बिग एंडचे नवे शेल्स (बेअरिंगच्या चकत्या) बसवले. आता दर हजार मैलांना तेल बदलतो.

इंजिन नंबरही नीट बघा. १९६९ पासून नंबरच्या पट्टीवर आधी ट्रायम्फची बारीक अक्षरं उमटवलेली असतात आणि त्यावर नंबर ठोकलेला असतो. पट्टी गुळगुळीत दिसली तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणखी एक खोड. गाडी महिनाभर उभी राहिली की इंजिन ऑइलच्या वेगळ्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. पहिल्या खेपेला टाकी रिकामी दिसली म्हणून मी वरून तेल ओतलं. गाडी सुरू झाली, खालचं तेल वर आलं, टाकी ओसंडली आणि माझा उजवा बूट न्हाऊन निघाला. आता आधी सुरू करतो, झाकण उघडून परतीचं तेल येतंय ना बघतो आणि मगच पातळी मोजतो.

कार्ब्युरेटरच्या स्लाइड (आत वर-खाली सरकणाऱ्या झडपा) आणि बॉडी एकाच मऊ धातूच्या, एकमेकींना घासून झिजतात आणि आयडलिंग भरकटतं. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलत बसण्यात माझा एक हिवाळा गेला. शेवटी कडक अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लाइड टाकल्या, तेव्हा सुटलो. वायरिंगला हात लावाल तर एक लक्षात ठेवा: अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. सवयीने बॅटरी उलटी जोडू नका.

सुरू करण्याची रीत अशी: क्लच दाबून दोन किक, म्हणजे चिकटलेल्या प्लेट सुटतात. मग दोन्ही टिकलर (कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारी बटणं) बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबायचे. त्यानंतर दुसऱ्या किकला सुरू होते. पहिल्या किकला होते ती फक्त कोणी बघत नसताना.