स्पॅनिश ग्रामरचा ऑनलाइन कोर्स: वर्ड ऑर्डर भारी, बाकी ठीकठाक

तीन महिने केला हा कोर्स. आधी एका अ‍ॅपवर नुसती वाक्यं घोकत होतो, शब्द कुठे आणि का बसतो ते कोणी सांगेचना, इथे निदान कारण कळलं. सगळ्यात आवडलं ते 'गुस्तार'चं प्रकरण. 'मे गुस्ता एल लिब्रो' म्हणजे 'मला पुस्तक आवडतं', आणि पुस्तकं अनेक झाली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही, अगदी आपल्या 'आवडतात'सारखं! इंग्रजीतून शिकणारे इथेच आपटतात म्हणे, आपल्याला फुकटात जमतं. 'लो बेओ'मध्येही 'त्याला' आधी, 'बघतो' नंतर. विशेषण मात्र बहुतेकदा नामानंतर, आणि जागा बदलली की अर्थ पण बदलू शकतो: 'ओंब्रे ग्रांदे' धिप्पाड माणूस, 'ग्रान ओंब्रे' थोर माणूस. हे उदाहरण डोक्यात पक्कं बसलं.

आता रडगाणं. 'सेर' आणि 'एस्तार' दोन्हीचं मराठीत 'असणं'च, तिथे नीट समजवायला हवं होतं तर सात मिनिटांत गुंडाळलंय. सबजंक्टिव्हचे (इच्छा, शंका वगैरे सांगताना क्रियापदाचं वेगळं रूप येतं, त्याचे) व्हिडिओ तर मी दोनदा बघून सोडून दिले. शंका विचारली तर उत्तर आठवड्याने, तेही कॉपी पेस्ट.