लिट आठ महिने वापरलं: मामाच्या दुकानाची लिस्ट आणि पाच किलो मिरची

गोव्यात डिचोलीला माझ्या मामाचं किराणा दुकान आहे, आमच्याकडे त्याला पोसरो म्हणतात. उकडे तांदूळ, सोलां (आमसुलं), सुकी मिरची, नारळ आणि चतुर्थी आली की माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं सामान. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज ऐकून ऑर्डरी लिहायला मामी वैतागली होती, म्हणून एप्रिलमध्ये पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) गर्दी सुरू व्हायच्या आधी मी त्यांना ऑर्डरची लिस्ट करून दिली. जुनं पान पीएचपीतलं होतं, ते उकरायचं नव्हतं, नुसता एक टॅग टाकला की लिस्ट दिसली पाहिजे एवढंच डोक्यात होतं. कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः बनवलेले एचटीएमएल टॅग, क्रोममध्ये २०१६ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१८ पासून चालतात त्यामुळे गिऱ्हाइकांच्या फोनची काळजी नव्हती. वर लिट घेतलं, म्हणजे असे टॅग बनवायची छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी, तिसरं व्हर्जन, कॉम्प्रेस केल्यावर पाचेक केबी. वाळपईच्या पुढे नेटवर्कची काय गत असते ते तिथल्यांनाच विचारा.

पहिला आठवडा मस्त गेला. एचटीएमएल जसंच्या तसं लिहायचं, मधे अट टाकायची, झालं. मी ऑफिसात रिॲक्ट (पानं बनवायची दुसरी लायब्ररी) करतो, तिथल्या सवयीने अट लिहून पुढे अँड-अँड (&&) आणि मग टेम्प्लेट असं ठोकलं. रिॲक्टमध्ये फॉल्स, म्हणजे अट खोटी, आलं तर काहीच दिसत नाही. लिट मात्र फॉल्स हा शब्दच पानावर छापतं! निम्म्या आयटमांच्या पुढे इंग्रजीत फॉल्स. मामाचा फोन, "हें फॉल्स म्हळ्यार किदें रे?" तेव्हापासून सरळ टर्नरी (अट खरी तर हे, नाहीतर ते) लिहितो आणि दुसऱ्या बाजूला लिटचं नथिंग, म्हणजे काहीच दाखवू नको, देतो. व्हेन नावाचं डायरेक्टिव्ह (लिटचं तयार फंक्शन) पण आहे, वाचायला बरं वाटतं, पण मला टर्नरीच पुरते.

आता खरी गोष्ट. प्रत्येक आयटमची ओळ हा वेगळा कंपोनंट (पानाचा स्वतंत्र तुकडा) होता आणि किती किलो हवंय तो आकडा मी त्या ओळीच्याच आत ठेवला होता. माल संपला की आयटम फिल्टरने काढायचा आणि उरलेल्यांवर मॅप फिरवायचा, म्हणजे एकेकाची ओळ बनवायची, सगळे करतात तसं. मे महिन्यात एका बाईंनी पाच किलो उकडे तांदूळ टाकले, त्या बाकीचं निवडत होत्या तेवढ्यात मामाने दुकानात बसून तांदूळ संपले असं मार्क केलं, ओळ गेली, आणि खालची मिरचीची ओळ वर सरकली ती पाच किलो आकडा घेऊनच. ऑर्डर आली पाच किलो मिरचीची. मामा म्हणाला लग्न असेल घरात, आणि चक्क तोलून बांधून ठेवली.

असं का झालं ते कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मॅप वापरला की लिट डॉममधल्या (म्हणजे ब्राउझरने बनवलेल्या पानातल्या) ओळी जागेप्रमाणे परत वापरतं, म्हणजे पहिल्या जागेचा कंपोनंट तोच राहतो, फक्त त्याला आयटम नवीन मिळतो, आणि आत साठवलेला आकडा जिथल्या तिथे. यात चूक लिटची नाही, डॉम कमी हलवला की काम पटकन होतं आणि नुसतं नाव-भाव दाखवायचं असेल तर हेच बरं. पण ओळीच्या पोटात काही साठवलेलं असेल तर रिपीट हे डायरेक्टिव्ह घ्यायचं आणि त्याला प्रत्येक आयटमची की (वेगळी ओळख) द्यायची, मग ओळ आपल्या आयटमबरोबरच हलते. इथेही मी माती खाल्लीच, की म्हणून आयटमचं नाव दिलं आणि मामाकडे नारळ दोन होते, मोठा आणि लहान, दोघांचंही नाव नुसतं नारळ. की डुप्लिकेट झाली तर काय होईल याची लिट गॅरंटी देत नाही. शेवटी डेटाबेसमधला आयडी दिला आणि आकडाही ओळीतून काढून वरच्या लिस्टमध्ये आयडीनुसार ठेवला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

गंमत म्हणजे फिल्टर न करता मॅपच्या आतच संपलेल्या आयटमसाठी नथिंग दिलं असतं तरी मिरची वाचली असती, कारण मग जागा रिकामी राहते, खालचे वर सरकत नाहीत. पण क्रम बदलला, भावाप्रमाणे सॉर्ट केलं की परत तीच बोंब.

बाकी छोट्या कटकटी. ॲरेमध्ये (कोडमधल्या यादीत) पुश करून नवा आयटम घातला तर लिटला पत्ता लागत नाही, ॲरे तोच असतो ना, नवीन ॲरे करून द्यावा लागतो. पानावरचं बूटस्ट्रॅप (तयार सजावटीची सीएसएस) शॅडो डॉमच्या, म्हणजे कंपोनंटच्या बंदिस्त आतल्या भागाच्या, आत शिरत नाही, बटणं सगळी नागडी, त्यात एक रविवार गेला. आणि हिडन. ओळ थोडा वेळ लपवायला हिडन ॲट्रिब्यूट लावलं तर ओळ जाईचना, कारण होस्टला, म्हणजे त्या टॅगलाच, मीच डिस्प्ले ब्लॉक दिलेलं, ते हिडनला भारी पडतं. होस्ट हिडन असेल तेव्हा डिस्प्ले नन असा वेगळा नियम लिहायला लागतो.

पुढच्यासाठी पण मी लिटच घेईन, निदान अशा एका टॅगच्या कामाला. जुलैपासून त्या कोडला हात लावायची वेळ फारशी आली नाही, चतुर्थीच्या आठवड्यात एवढ्या ऑर्डरी आल्या तरी एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

तसं जूनमध्ये मामीने निम्मं काम रद्दच केलं होतं म्हणा. ती म्हणाली, अरे तांदूळ लिस्टमधून गायब झाले की लोकांना वाटतं आपण तांदूळ ठेवतच नाही, मग ते मापशाला जाऊन घेतात. आता संपलेला आयटम जागेवरच राहतो, फिका दिसतो, प्लस-मायनसच्या जागी "उद्या येईल" येतं. अट फक्त ओळीच्या आत. आख्खी ओळ जाते ती माटोळीच्या सामानाचीच, आणि ती चतुर्थी झाल्यावर मामा स्वतः बंद करतो.